सूर्यास्ताआधीची गोळी

माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, संध्याकाळच्या सामायिकात हलत नसे. कुंडलच्या आमच्या जैन मंदिरात दिवेलागणीला बायका भिंतीच्या कडेने आसने टाकून बसत. मांडी न मोडता, न बोलता, मनात णमोकार म्हणत दोन घटका बसायचे, एवढाच तो विधी. नव्या सुना चुळबुळत, म्हाताऱ्या पेंगत. अव्वाच्या नाकावर माशी बसली तरी ती हात उचलत नसे. माझी वहिनी लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, "तुजी सासू दगडाची हाय. खांब हलंल, पर ती न्हाई." हे अव्वाच्या कानावर गेले की ती "उगं काय तर" म्हणून विषय बदलायची. तिला ते आवडत असे, हे मला आणि दादाला ठाऊक होते. तिच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा गोष्टी फार नव्हत्या. ही होती.

दुसरी तिचा नियम. वडील गेले त्या पावसाळ्यात गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास होता. अव्वाने त्यांच्यासमोर नियम घेतला: सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अन्न नाही आणि पाणीही नाही. उजेडातच जेवून घ्यायची पद्धत आमच्या घरात आधीपासून होती, पण रात्री कोणी तांब्याभर पाणी प्यायले तर त्याला कोणी हटकत नव्हते. महाराजांनी तिला विचारले, वय वाढत जाणार, औषधापुरती सूट ठेवायची का? मी तिथे होते. ती म्हणाली, "नको महाराज. मला काय हुतंय?" तेव्हा खरोखरच तिला काही होत नव्हते. ती डोंगरावरच्या मंदिरात चालत जायची आणि वाटेत कुठे टेकायची नाही.

पायांचे सुरू झाले ते बऱ्याच वर्षांनी. आधी वहिनीच्या लक्षात आले. टीव्हीसमोर बसलेली अव्वा मध्येच उठे, सोप्यात दोन फेऱ्या मारून परत येई. काय झाले विचारले तर सांगता येत नसे. दुखत नव्हते. सूज नव्हती. मुंग्या म्हणाव्यात तर त्याही नव्हत्या. चालले की बरे, बसले की पुन्हा. दिवसभर काही नाही, ऊन उतरले की सुरू. मी साताऱ्याहून फोनवर खोदून खोदून विचारले तेव्हा ती म्हणाली, "हाडाच्या आत वारूळ हाय बघ. आन् आपल्याला मुंगी मारायची चोरी."

मी हसले. वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून काम करताना माणसांनी आपल्या आजाराची केलेली वर्णने मी पुष्कळ वाचली होती, दुरुस्तही केली होती. हे वर्णन दुरुस्त करण्यासारखे नव्हते.

हळूहळू झोप गेली. आडवे झाले की पाय ओढायला लागत. अव्वा उठून घरभर चाले आणि पहाटे कधीतरी डोळा लागे. वहिनी सांगायची की सकाळी फरशीवर पावलांचे ठसे पाहून कळते, रात्र कशी गेली. गावातल्या डॉक्टरांनी सांधे म्हटले, कॅल्शियम दिले, तेल लावायला सांगितले. दादा द्राक्षबागेतून आला की तिच्या पोटऱ्या दाबून देई. त्याने तेवढ्यापुरते बरे वाटे.

रात्रीचे जागरण तिने कोणाला सांगितले नसते. सामायिकाचे लपेना. एका संध्याकाळी मंदिरात तिचा पाय झटक्याने लांब झाला आणि समोरच्या बाईच्या आसनाला लागला. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. बाहेर चपला घालताना शेजारच्या काकूंना राहवले नाही.

"अव्वा, आवं पाय कशानं नाचत्यात? जत्रंला निघालाय काय?"

"व्हय, तुलाच संगं न्यायला आलती," अव्वा म्हणाली.

उत्तर तयार होते, पण त्या दिवसापासून ती आत बसेना. मंदिराच्या पायरीवर बसायची, म्हणजे पाय लांब करता यायचे, उठून चार पावले टाकता यायची. काही दिवसांनी तीही पायरी सुटली. वहिनीला ती म्हणाली, "मनच थाऱ्यावर न्हाई माजं. मन थाऱ्यावर असतं तर पाय कशाला हलतील?" ती याला आजार मानायला तयार नव्हती. तिच्या लेखी ही तिच्यात शिरलेली उणीव होती. औषधाने ती जाईल यावर तिचा विश्वास नव्हता. आणि तिला हवे होते ते एवढेच, एकदा पूर्ण सामायिक न हलता बसणे. झोपेबद्दल ती कधी बोललीच नाही.

दादाने तिला सांगलीला नसांच्या डॉक्टरांकडे नेले. मीही साताऱ्याहून गेले. डॉक्टर बाई होत्या, अव्वा त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायची. त्यांनी तिचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि हा आजार आहे, त्याला नाव आहे, तो पुष्कळांना होतो, असे सांगितले. अव्वाने माझ्याकडे पाहिले. मनाचा दोष नाही, हे तिला पहिल्यांदा कोणीतरी सांगत होते. रक्त तपासले, लोह कमी निघाले. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पायांसाठी एक छोटी गोळी. कंपवाताच्या रुग्णांना देतात तीच, कमी मात्रेत.

"आजी, आणखी कुठली औषधं चालू आहेत?"

"बीपीची. सकाळची."

"दोन्ही गोळ्या रात्रीच्या जेवणानंतर घ्यायच्या."

अव्वाने मान हलवली. आम्हीही हलवली. रात्रीचे जेवण आमच्या घरी ऊन असताना होते, ही गोष्ट आम्हाला सांगण्यासारखी वाटली नाही आणि डॉक्टरांना विचारण्यासारखी वाटली नसावी. घरी आल्यावर अव्वा सांगितल्याप्रमाणे करू लागली. जेवून झाले की शेवटच्या पाण्याबरोबर दोन्ही गोळ्या, मग चूळ, मग दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड बंद. यात कुठेही तिने डॉक्टरांचे ऐकले नाही असे म्हणता येणार नाही.

फरक पडला नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी जेवणाची वेळ विचारली तेव्हा त्यांना कळले की दोन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर, आणि तेही उन्हात, जातात. लोह आणि पायांची गोळी एकत्र घेतली की लोह त्या गोळीला पोटातच धरून ठेवते, ती अंगात पुरती उतरत नाही. लोह दुपारी घ्या, चहापासून लांब, असे ठरले. त्याने थोडे बरे वाटले. पण गोळीचा जोर काही तासच टिकतो, उन्हात घेतलेली गोळी झोपेपर्यंत संपते, असे डॉक्टर म्हणाल्या. थंडीत दिवस लहान होतो तेव्हा अव्वाचे पाय जास्त त्रास देत, त्याचेही एक कारण आता सापडले.

"आजी, गोळी झोपायच्या आधी तासभर घ्यायला हवी."

"त्ये न्हाई जमायचं."

"घोटभर पाणी."

"घोटच तर सोडलाय," अव्वा म्हणाली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी वाद घातला नाही, संध्याकाळची मात्रा वाढवून दिली. वाढलेल्या मात्रेने अव्वाला मळमळू लागले, गरगरू लागले. सांगली लांब, म्हणून ती गावातल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी मळमळीवर आणि चक्करेवर गोळी दिली. खरे तर नव्याने दिली नाही. ती गोळी अव्वाकडे आधीपासून होती. काही वर्षांपूर्वी तिला चक्कर आली होती तेव्हाची. चक्कर गेली, गोळी राहिली. संपली की दादा औषधाच्या दुकानातून नवीन पाकीट आणून देई. गावातल्या डॉक्टरांनी एकाच्या दोन केल्या, एवढेच. मळमळ थांबली. पाय मात्र पूर्वी कधी नव्हते इतके खवळले. आता दुपारीही त्रास होऊ लागला, हातांनाही जाणवू लागला.

त्या थंडीत दादाने अव्वाला माझ्याकडे साताऱ्याला आणून सोडले. कराड, उंब्रज करत येणाऱ्या एसटीत ती सलग बसू शकली नव्हती, दोन आसनांमधल्या वाटेत उभी राहून आली होती. दादा दारातूनच म्हणाला, "घे, तुजी अव्वा. कंडक्टरची नोकरी धरलीया तिनं." अव्वा हसली, पण तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. घरात आल्यावर ती भिंत धरून चालत होती.

नियमाचा विषय आम्ही तिथे काढला. आम्ही म्हणजे मी समोर आणि परत कुंडलला गेलेला दादा फोनवर. आम्ही दोघांनी तिला वेगवेगळे काही सांगितले नाही. दादा म्हणाला, "मोक्ष मिळायचा तवा मिळंल, अव्वा. आधी झोप तर मिळू दे." मी म्हटले, महाराज स्वतः औषधाची सूट द्यायला तयार होते, म्हणजे ती शास्त्रात बसते.

"दिलती. मी घेतली का?" अव्वा म्हणाली. "तवा न घेतलेली सूट आता आजारी पडल्यावर कशी घ्यायची? त्ये म्हंजे ऊन लागल्यावर सावलीची जागा माजी म्हणायचं."

मग मी प्रश्न दुसऱ्या तऱ्हेने विचारला. सामायिक हवे की नियम? दोन्ही मिळणार नसतील तर कोणते? हा प्रश्न विचारण्याची मला सवय होती. बातमीत दोन बाजू असतात, त्या समोरासमोर ठेवल्या की माणूस बोलतो.  त्यानंतरच्या दोन संध्याकाळी तिने माझ्या बैठकीच्या खोलीत आसन टाकून बसायचा प्रयत्न केला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. ती बसे, पाय आवळून धरे, गुडघ्यांवर हातांनी दाबे, आणि उठे. दुसऱ्या दिवशी उठताना तिने आसन गुंडाळले आणि कपाटात ठेवले.

तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आण ती गोळी."

मी पाणी दिले. ते गाळलेले आहे का, हे तिने विचारले. एरवी माझ्या घरी ती हे विचारत नसे, मी गाळते हे तिला ठाऊक होते. आहे म्हटल्यावर तिने पूर्वेकडे तोंड केले, डोळे मिटून काही पुटपुटली आणि गोळी घेतली. पेला अर्धा भरलेला होता. तिने फक्त गोळीपुरते पाणी घेतले.

चार-पाच दिवसांत पाय शांत होऊ लागले. आठवड्यानंतर ती रात्री सलग झोपली. सकाळी मी चहा ठेवला तरी ती उठली नव्हती म्हणून मी घाबरून पाहायला गेले, तर ती कुशीवर गाढ होती. कपाटातले आसन बाहेर आले. एका संध्याकाळी ती पूर्ण दोन घटका बसली. उठल्यावर मला म्हणाली, "बसलो बाई." ती एरवी स्वतःबद्दल "बसले" म्हणते. त्या दिवशी ती लहानपणच्या बोलीत बोलली. मी दादाला फोन करून सांगितले, रात्रीच्या गोळीने काम केले. दादा म्हणाला, "बघ, म्हटलं नव्हतं?" डॉक्टरांनाही आम्ही हेच कळवले.

ती कुंडलला परतली. मंदिरात आत, भिंतीच्या कडेला, आपल्या जुन्या जागी बसली. शेजारच्या काकूंनी बाहेर आल्यावर तिचे पाय चाचपून पाहिले म्हणे. "आवं, नवं बसवून आणलं काय साताऱ्यासनं?" अव्वाने त्यांना रात्रीच्या गोळीचे सांगितले नाही. ते तिने घराबाहेर कोणालाच सांगितले नव्हते. घरात वहिनी रात्री पाणी देताना स्वयंपाकघराचे दार लोटून घेई.

काही दिवसांतच पाय पुन्हा सुरू झाले. रात्रीची गोळी चालू होती, लोह चालू होते, काहीच चुकत नव्हते. अव्वा घाबरली. नियम गेला आणि सामायिकही जाणार, असे तिला वाटले असावे. ती तसे बोलली नाही. "देवानं हिसाब केला" एवढेच म्हणाली.

सांगलीला आम्ही पुन्हा गेलो. डॉक्टरांनी या वेळी विचारण्याची तऱ्हा बदलली. औषध असो, चूर्ण असो, काढा असो, पोटात जाणारे सगळे टेबलावर ठेवा, तुम्ही ज्याला औषध म्हणत नाही तेही. अव्वाने कमरेचा बटवा सोडला. लवंगा, ओवा, जपमाळ, एसटीचे जुने तिकीट, आणि चक्करेच्या गोळ्यांचे पाकीट.

डॉक्टरांनी पाकीट उचलले.

"आजी, ही कधीपासून?"

"ती व्हय? ती लय जुनी. ती काय औषध न्हवं. चक्कर यिऊ नये म्हणून घ्यायची."

"कधी घेता?"

"मंदिरात जायच्या आधी. शेवटच्या पाण्यासंगं. बसून उठताना भोवळ येती ना."

डॉक्टरांनी सांगितले ते मी जसेच्या तसे लिहिते, कारण त्यात काहीही अवघड नव्हते. पायांची गोळी मेंदूत जे वाढवू पाहते, तेच ही गोळी अडवते. दोन्ही एकत्र म्हणजे एकाने दार उघडायचे, दुसऱ्याने लावायचे. आणि पायांचा असा त्रास ज्याला आहे त्याला ही गोळी एकटीही पुरते, त्रास वाढवायला. म्हणजे अव्वा सामायिकात नीट बसता यावे म्हणून इतकी वर्षे जी गोळी घेऊन मंदिरात जात होती, तीच तिला तिथून उठवत होती.

"मधे बरं वाटलं होतं तेव्हा ही घेत होता का?" डॉक्टरांनी विचारले.

अव्वाने आठवून पाहिले. साताऱ्यात पाकीट संपले होते. लेकीच्या घरी आणखी एक गोळी कशाला मागायची म्हणून ती बोलली नव्हती. कुंडलला गेल्यावर दादाने नवीन आणून दिले.

 साताऱ्यात एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्या होत्या. एक गोळी रात्री सुरू झाली होती आणि एक बंद झाली होती. आम्ही पहिलीचीच बातमी केली. दुसरी कोणाला दिसली नाही, कारण ती कोणी केली नव्हती, आपोआप झाली होती.

पुढचे सरळ होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चक्करेची गोळी बंद झाली. पायांच्या गोळीची मात्रा हळूहळू उतरत गेली आणि तीही बंद झाली. मात्रा उतरल्यावर गरगरणेही गेले. लोह दुपारचे चालू राहिले. रक्तातले लोह वाढले. पायांचा त्रास अगदी गेला नाही, पण महिन्यातून एखाद्या वेळी, तोही चार फेऱ्या मारल्या की जाणारा. शेवटच्या भेटीत डॉक्टर प्रसन्न होत्या. त्या म्हणाल्या, "आजी, आता रात्री काही घ्यायचं नाही. तुमचा नियम पूर्वीसारखा पाळा."

त्यांच्या दृष्टीने त्या अव्वाला तिची वस्तू परत देत होत्या. अव्वाने हात जोडले आणि म्हणाली, "लय उपकार झालं." 

परतताना, त्या दिवसापुरती मागून आणलेली गाडी चालवता चालवता दादा म्हणाला, "मग झालं की. आजपासनं परत धर नियम."

"नियम म्हंजे एसटी हाय व्हय रं? एक चुकली, पुढची धरली?"

मोडलेला नियम पुन्हा घेता येतो. महाराजांसमोर जाऊन सांगायचे, ते प्रायश्चित्त देतात, पुन्हा नियम देतात. असे करणारे पुष्कळ आहेत. पण ज्यांच्यासमोर तिने तो घेतला होता त्या महाराजांची मधल्या काळात समाधी झाली. दुसरे मुनी येतात, पुढेही येतील. त्यांच्यापुढे जाऊन काय सांगायचे, हा तिचा प्रश्न होता. "गरज हुती म्हणून मोडला असं म्हणू? गरज तर नव्हतीच." दादाने गाडीची काच पुसायला घेतली, जिच्यावर काही नव्हते.

तिने आम्हाला दोष दिला नाही. तो दिला असता तर काहीतरी म्हणता आले असते. डॉक्टर बरोबर होत्या, गावातले डॉक्टरही त्यांच्यापुरते बरोबर होते, दादा आणि मी तिच्या भल्याचे बोलत होतो. यातल्या कोणाकडेही तिचा सगळा दिवस एकत्र नव्हता. तो फक्त तिच्याकडे होता, आणि त्यातले काय सांगण्यासारखे आहे हे तिला कोणी विचारले नव्हते.

आता ती दर संध्याकाळी मंदिरात बसते आणि हलत नाही. काकू पुन्हा दगड म्हणू लागल्या आहेत. सूर्यास्तानंतर ती काही खात नाही, पीत नाही. पूर्वीप्रमाणेच. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही बदललेले दिसणार नाही.

मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. रात्री अंथरुणाशेजारी तिने पाण्याचा तांब्या भरून ठेवला. एवढ्या वर्षांत तिच्या उशाशी तांब्या मी कधी पाहिला नव्हता.

"प्यायला?" मी विचारले.

"तहान लागली तर पिईन. आता मला कोण अडवतंय?"

ती लगेच झोपली. सकाळी तांब्या काठोकाठ होता. तिने तो उचलला, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातले, घासून पालथा घातला. संध्याकाळी पुन्हा भरून ठेवला.